अठरा ताटल्या

शहापूरच्या नाक्यावर जीप भरायची वाट बघत रविंद्र स्टेअरिंगवर टेकला होता. मागे दोघीच, मीटिंगहून परतणाऱ्या: अंगणवाडीच्या माधुरीताई आणि मदतनीस धोंडीबाई.

“कुलूप लावताना पोरं मोजलीस ना गो?”

“पोरं हलतात, ताई. मी ताटल्या मोजते. खिचडी वाढली अठरा ताटल्यांत. घासल्या सतरा.”

“मग एक?”

“कुत्र्यानं नेली असंल.”

“मनस्वी घरी जाताना दिसली?”

“ती कपाटामागं बसून जेवते. जेवता जेवता झोपते.”

“धोंडीबाई...”

“कुलूप दोनदा ओढून बघितलंय, ताई. किल्लीपण सांभाळून आणलीय, ही बघा.”

“तिच्या आईला फोन लावते.”

“सगळी लावणीला गेलीत. रानात रेंज नाय.”

रविंद्रनं चावी फिरवली. पायरीवर पाय ठेवलेल्या म्हाताऱ्याला तो म्हणाला, “जागा नाय, काका. गाडी भरली.”