शेवटचा चौकोन

सालेकशाच्या बसथांब्यावर माझ्या मागे एका आरोग्य संस्थेचे दोघं जण बोलत बसले होते.

“दुर्गेश्वरीताई, आपला बाणांचा तक्ता एकदम जमला! आधी बैठका, मग गाडी, मग दवाखाना. शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं, ‘गावात घरी बाळंतपण नाही.’ वर्षभरात एकही नाही झालं, आता गावाचा सत्कार होणार.”

“पण बाया दवाखान्यात नाही गेल्या, हिमांशू.”

“मतलब?”

“नववा लागला की सुनेले छत्तीसगडात सोयऱ्याच्या घरी धाडून देतेत. तिथं घरीच बाळंतपण, सुईणीच्या हातानं.”

“काऊन पण?”

“दवाखान्याचं भेव वाटते, अन् घरी करून गावाचं नाव खराब होऊ नये म्हणून.”

“बाप रे! कोणाले काही झालं तर नाही ना?”

“काल रुख्मा गेली. रक्त थांबलंच नाही.”

“आपली रुख्मा? जिच्या अंगणात पहिली बैठक घेतली ते?”

“हो, तेच.”

“पण आपला तक्ता तर बरोबर होता, ताई.”

“आई जगली पाहिजे, हे आपण कोणत्याच चौकोनात नाही लिहिलं रे.”

“ताई, तुमचा फोन वाजून राहिला.”

“सरपंच आहे. सकाळपासून विचारून राहिला, रुख्मा तर आपल्या गावात नाही मेली, मग सत्कार होईल ना?”