सत्तावन सालचं गाणं

देशमुख वहिनी, डॉक्टर मंडळी, बंधू-भगिनींनो,

रियाधच्या कुठल्या कुठल्या टोकांहून आपण आलात. मी रत्नागिरीकडचा दुकानदार माणूस, गाड्यांचे स्पेअर पार्ट विकतो. भाषण मला येत नाही. सांभाळून घ्या.

देशमुख डॉक्टर भूल देणारे डॉक्टर. दिवसभर माणसं झोपवायची, हेच काम. पण त्यांच्या घरी गुरुवारच्या गाण्याच्या बैठकीत माझी मान जरा कलली की म्हणायचे, "दाऊदभाई, इंजेक्शन न देताच गुंगी आली की!" नेहमी मीच सापडायचो.

दर गुरुवारी ते एक जुनं साल निवडायचे. त्या साली कुठे काय गात होते ते सांगायचे, गाऊन दाखवायचे. केवढं ठाऊक होतं त्या माणसाला!

मग आखातातली लढाई सुरू झाली. बैठक चालू असतानाच हवाई हल्ल्याचा पहिला भोंगा वाजला. विषारी गॅसच्या भीतीने प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून बंद केलेल्या खोलीत आम्ही सगळे धावलो. दार लावल्यावर बघतो तर काय? तानपुरा आत, तबला आत, आणि गॅसचे मास्क सगळे बाहेर! वहिनी, तुम्ही काय झापलंत आम्हाला!

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "डॉक्टर, खलास. आता बैठक बंद. माणसं मरताहेत आणि आपण गातोय, शोभतं का हे?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "अठराशे सत्तावन सालचं सांगू? लखनौचा नवाब राज्य गमावून कलकत्त्याला गेलेला, ठुमरी त्याच्या मागोमाग गेली. आपल्याकडे पेशवाई बुडाली होती, तरी ढोलकी फडावर वाजतच होती. ग्वाल्हेरात पुढच्याच वर्षी लढाई दाराशी आली, तरी ख्यालाची तालीम कुणीतरी कुणाला दिलीच असणार. नाहीतर मी गातो ते माझ्यापर्यंत आलं कसं, दाऊदभाई?"

पुढच्या गुरुवारी त्याच बंद खोलीत बसलो. लढाई संपेपर्यंत तिथेच बसलो. भीती वाटायची, खूप वाटायची. पण डॉक्टरांचा षड्ज लागला की माझं भोंग्याकडचं लक्ष सुटायचं.

लढाई संपली. चिकटपट्ट्या निघाल्या. आणि मागच्या आठवड्यात, ड्युटीवरच, डॉक्टरांचं हृदय थांबलं. असा माणूस मला पुन्हा भेटायचा नाही.

परवा काही मित्र म्हणाले, "आता गाणार कोण? बैठक मोडूया." वहिनी, तुम्हीही काल म्हणालात, "भाऊजी, तानपुरा पुण्याला पाठवून देते."

नका पाठवू, वहिनी. आम्ही बेसूर गाऊ. डॉक्टर असते तर कानांवर हात ठेवून हसले असते. पण आपण गप्प बसलो, तर त्यांनी आपल्याला दिलेलं इथेच संपेल. ते आपल्या हातून संपू द्यायचं का?

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू, डॉक्टरांसाठी. आणि नंतर लगेच चपला शोधू नका. आतल्या खोलीत सतरंजी घातली आहे. आज गुरुवार आहे.