स्लॅबवरचे वाफे

मंगरूळपीरच्या बाजारात मेथी विकून कस्तुराबाई रिकामं टोपलं मांडीवर घेऊन एसटीत बसली होती. पुढच्या सीटवर शाळेच्या बांधकामाची इंजिनिअर पोरगी अन् ठेकेदार यांची चांगलीच जुंपली होती.

“धीरजभाऊ, स्लॅबवर पाइपानं पाणी मारणं उद्यापासून बंद.”

“म्याडम, नवा स्लॅब हाये. पाणी नाही मारलं तं तडे जातीन न!”

“मारलेलं सगळं खाली वाहून जातं. पाइपाला पाणी शाळेच्या विहिरीचं, तेच पोरं पितात, अन् विहिरीत आता कमरेएवढंच उरलंय.”

“मंग टँकर बोलावतो.”

“तो दुसऱ्या गावची विहीर उपसेल. नाही चालणार. मी सांगितलं होतं, स्लॅबवर मातीचे वाफे करा, एकदा भरा, वर ओलं बारदान टाका.”

“काल करून पाह्यलं. बांध फुटले, पाणी गेलं. माणसं म्हणतात, हे आमचं काम नाही.”

“मग मी स्वतः बांधीन. पण पाइप लागणार नाही.”

“कोरड्या मातीचे बांध केले असतीन,” कस्तुराबाई मागून बोलली.

“हो मावशी. तुमाले कसं माहीत?”

“तीस वर्सं मेथीचे वाफे करून राह्यली, बापा. माती रातभर भिजली पायजे. त्यात कुटार, भुसा कालवा, मंग पायानं दाबा.”

“मावशी, आमच्या माणसांना दाखवाल?” इंजिनिअर पोरीनं मागं वळून विचारलं.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, “मावशी, उतरा, तुमचा फाटा आला!”

“नाही उतरत. शाळेपर्यंतचं तिकीट दे. आज माती भिजली, तं उद्या वाफे होतीन.”