सुंदराबाईचं मोक्याचं खाचर

—नाही हो साहेब, धूळ कसली, धुकं आहे ते. एप्रिलात? असतं असतं, आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याला थोडंथोडं बारा महिने असतं — म्हणून तर लोक येतात ना पळसदरीपर्यंत, मॉल नाही, काही नाही, तरी येतात, कशाला येतात, हवा खायला येतात. तुम्ही असे इकडे या, या बांधावर, बूट सांभाळा, ढेकळं आहेत. हां. आता समोर काय दिसतं? डोंगर दिसतो. हाच तो हिल व्ह्यू. ब्रोशरमध्ये हिरवा होता, बरोबर आहे, फोटो ऑगस्टमधला आहे — आता बघा, माणूस भिंतीवर लग्नातलाच फोटो लावतो ना, आजारपणातला थोडाच लावतो? आणि ही पायाखालची जमीन, डोंगर आणि डांबरी रस्ता यांच्या मधोमध, एकच तुकडा. मोक्याची जमीन म्हणतात ती ही. हिच्या अलीकडे रस्ता, पलीकडे डोंगर, हिला वगळून डोंगराकडे जायचं तर हेलिकॉप्टर — आई गं! घाबरलात? काही नाही, लग्न असेल कुठंतरी, फटाके वाजवतात. एकच फटाका? मोठा होता. ऐपतदार माणसं आहेत इकडची.

हसा, हसा तुम्ही, पण गेल्या काही वर्षांत मी इथं कोणाकोणाला आणलं विचारा. शिळफाट्याला उभं राहून फक्त नाव घ्यायचं, गजा, लगेच दाखवतील — म्हणजे गजानन, कार्डावर गजाननच आहे. ठाण्याची एक पार्टी आली, तिला चंदन लावायचं होतं. लावलं. चोरीला जाईल म्हणून खांबांवर कॅमेरे बसवले. कॅमेरे चोरीला गेले, चंदन आहे तिथंच, गुडघ्याएवढं. दुसरे एक डॉक्टर, त्यांना नांगर धरायचा होता, स्वतः, मनःशांतीसाठी. बैल आता कुणाकडे असतात हो? चार गावं फिरून मी बैलजोडी आणली, डॉक्टरांनी एक तास धरला, दोन माणसं फोटो काढायला, आणि संध्याकाळी त्यांची कंबर धरली. पण जमीन विकली का त्यांनी? नाही विकली. जमीन वाढते साहेब, माणसानं काही करावं लागत नाही, पेरावं लागत नाही, ती आपली पडून वाढते. आमच्या लोकांना हेच कळत नाही. आमचे लोक पेरत बसतात. पेरतात, लावतात, कापतात, झोडतात, आणि मग दुकानातून तांदूळ आणतात तो त्याहून स्वस्त. मी म्हटलं, अरे, धंदा म्हणजे काय हे तरी—

काय म्हणालात? व्ह्यू नको? बंगला बांधायचाच नाही? इंडस्ट्री? अहो, मग हे गाडीत नाही का सांगायचं, उगाच तुम्हाला धुकं दाखवत बसलो! खदान, साहेब, खदान. मघाचा फटाका होता ना, तो लग्नाचा नव्हता, सुरुंगाचा बार होता. पलीकडच्या अंगानं डोंगर फोडतात, क्रशर आहे तिथं, खडी, ग्रिट, जे मागाल ते. हायवेला खडी लागते, टॉवरला लागते, बंगल्याच्या पार्टीलासुद्धा शेवटी खडीच लागते. आता या अंगानं नवीन खदान निघायचीय, माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांना भागीदार हवाय. अडलंय कशावर? डंपर आत न्यायला रस्ता नाही एवढ्यावर. आणि रस्ता कुठून? तुम्ही उभे आहात तिथून. कळलं ना मोक्याची म्हणजे काय? डोंगर किती पुरेल म्हणता, दहा वर्षं आरामात. मग? मग काय, सपाट. नाही हो, बंगलेवाल्यांचं काही नुकसान नाही, आज त्यांना हिल व्ह्यू विकतो, उद्या ओपन व्ह्यू म्हणून विकू. 

मालक? मालकीण आहे. सुंदराबाई. नवरा कोंडाजी, तो वारला, आता बाईचं एकटीचं नाव. अडाणी आहे पण मनानं चांगली, वाद नाही, भाऊबंद नाहीत, एकच मुलगा आहे आणि तो — तो आपल्याच बाजूचा आहे, त्याची काळजी सोडा. बाईनं हो म्हटलंय. म्हणजे नाही म्हटलेलं नाही. आमच्याकडे बायका तोंडानं हो थोड्याच म्हणतात, गप्प राहिली म्हणजे समजून घ्यायचं. काल मी स्वतः येऊन फक्की मारून गेलो, रस्ता कसा जाईल त्याच्या पांढऱ्या रेघा, इथून थेट तिकडे डोंगराच्या — थांबा. 

नाही, काही नाही. धूर. तो धूरच आहे, आता धुकं कशाला म्हणू. कचरा पेटवला असेल कुणी. ती बाई? असेल कुणी कामाची. ओ बाई! बाजूला व्हा जरा, साहेब आलेत — नाही, बहिरी असेल. तुम्ही इथंच सावलीत उभे राहा, मी बघून — काय? नाव घेतलं माझं? गावात सगळेच घेतात, मघाशी सांगितलं नाही का, प्रसिद्ध आहे मी. जेवलास का विचारतेय, तेही सगळेच विचारतात, पद्धत आहे. हो, हो, जेवलो! नंतर बोलू! — चेहरा? माझ्यासारखा? उन्हात सगळे सारखेच दिसतात साहेब. नाक? 

बरं, आहे. आई आहे माझी. त्यात लपवायचं काय, लपवलं कुठं, मुलगा आपल्याच बाजूचा आहे म्हणालोच होतो ना. घरची जमीन म्हणून तर एवढ्या खात्रीनं दाखवतोय, दुसऱ्याची असती तर दहा भानगडी निघाल्या असत्या. दलाल आईची जमीन विकतो असं बघू नका, आधी घरापासून सुरुवात केली असं बघा. तिलाच सुख होईल हो. गुडघ्यावर हात ठेवून उठते, चिखलात लावणी करते, कुणासाठी? मी भात खातो कितीसा? शिळफाट्याला गाळा बघून ठेवलाय, काचेचं दार, एसी, तिथं खुर्ची टाकून बसवेन तिला. बसेल की नाही ते पुढचं पुढं.

साफसफाई करतेय ती, दुसरं काय. पार्टी येणार म्हणून जमीन जाळून स्वच्छ करून देतेय तुम्हाला, फुकटात. काढा ना, फोटो काढा, तिला आवडतं. आये, हस जरा — काय म्हणाली ऐकलंत का? नाही ना? बरं. ऐकलंत? कोलम? कोलम म्हणजे… भात असतो एक, बारीक. 

आये, ह्ये काय केलंस गं? काल रेघा मारून गेलो त्या दिसल्या नाय तुला? दिसल्या म्हनतेस? दिसल्या, मंग त्यांच्यावरच? आगं, राब भाजायला खाली इहिरीजवळचा तुकडा हाय ना, सालोसाल तिथंच भाजतेस, आनि औंदाच बरा ह्यो मधला सापडला, नेमका रस्त्यावर? सायेब काय म्हनतील? नाय, तुझं बरोबर, सायबांची जमीन नाय. मी कुटं म्हनलो सायबांची हाय म्हनून?

सॉरी साहेब, घरचं बोलणं. राब म्हणजे — आता कसं सांगू, भाताचं रोप जिथं टाकायचं ना, ती जागा आधी भाजून काढतात. खाली शेण, वर टहाळा, पाला, गवत, त्यावर माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव लावायचा, म्हणजे हळूहळू शिजतं, भडकत नाही. तण मरतं, रोप जोमानं येतं. म्हणजे पेरणार? हो, राब भाजला म्हणजे पेरणारच, त्याला काय दुसरा अर्थ आहे? आणि आमच्याकडे राब भाजलेल्या जमिनीचा सौदा त्या साली कुणी करत नाही. कायदा नाही हो, कायदा असता तर मी वाट काढली असती. मोजणीवाला गावचा असला तर खुंटीसुद्धा ठोकत नाही तिथं. ही काय एका दिवसाची तयारी नाही. थंडीपासून डोंगरावरून टहाळ्याचे भारे आणत होती डोक्यावरून, माझ्या गाडीसमोरून न्यायची, मी आपला हॉर्न वाजवायचो — बाजूला हो, आये, पार्टी हाय गाडीत. मला वाटलं सवयीनं आणते. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी चाळा लागतो ना, म्हटलं आणू दे. ती गप्प होती, मी हो समजलो. काय हुशार माणूस आहे बघा मी, सगळ्या तालुक्याच्या जमिनीची खबर ठेवतो.

नाही, नाही, असे लगेच मागे फिरू नका. मी बोलतो तिच्याशी, तुमच्यासमोर बोलतो. आये, खरं सांग, पुढल्या साली तरी? नाय? कदीच नाय? मंग माझं काय गं? गावात समदे गजाशेठ म्हनतात, आनि गजाशेठला घरचं एक खाचर निघंना — हसतेस काय? हसू नको. हां, सांगतो, सांगतो त्यांना. साहेब, ती म्हणते, ती आहे तोवर भात होणार. ती गेल्यावर माझं मी बघावं, डोंगर विकायचा तर डोंगर विकावा, तिला बघायला यायचं नाही.

म्हणजे तसा दरवाजा बंद नाहीये, लक्षात घ्या. उशीर आहे इतकंच. खदानवाले थांबतील की नाही ते—

काय? 

वय ना? असेल की सत्तरीच्या आसपास, आमच्याकडे जन्मतारखा कोण लिहून ठेवतं, पण सत्तर धरा. तब्येत म्हणाल तर तशी नरमच असते हो, गुडघे गेलेत, पावसाळ्यात दम लागतो, मागच्या वर्षी खोपोलीला ॲडमिटसुद्धा केली होती, डॉक्टर म्हणाले होते जपा, तेव्हा तसं बघायला गेलं तर फार काही—

आये, तू जा गं तिकडं. तिकडं जा. वारा फिरतोय, राब भडकंल, जा तू.

नाही, ऐकलं तिनं. 

साहेब, गाडी वळवून घ्या. सरळ जा, डांबरी रस्ता लागला की उजवीकडे, तोच खोपोलीला जातो. नाही, मी नाही येत. कार्ड राहू दे, फेकलंत तरी चालेल. अहो, व्ह्यू नको, खदान नको, काही दाखवायचं नाहीये मला आता. निघा म्हटलं ना.