गटार विहिरीपाशी थांबलं

तवा आमचे शेजारी आप्पा न्हावरे गावचे सरपंच होते. पावसाचं पाणी गोठ्यांतलं शेण घेऊन पिण्याच्या विहिरीत उतरायचं, म्हणून त्यांनी सरकारी अनुदानातून गटार काढलं. ते विहिरीला वळसा घालून खालच्या शोषखड्ड्यात जायचं होतं. पण आप्पांनी काम सुरू केलं स्वतःच्या गोठ्यापासून, आन् अनुदानाचा पहिला हप्ता संपला बरोबर विहिरीच्या काठाशी. पाऊस झाला आन् सगळ्या आळीचं शेण, कुठंही न सांडता, थेट विहिरीत!

मला कुठलं गप्प बसवतंय? विहिरीच्या पिवळ्या पाण्याची कळशी घेऊन मी आप्पांच्या दारात गेले.

"आप्पा, हे काय हो?"

"वैनी, जरा दम धरा. पुढचं गटार दुसऱ्या हप्त्यात हाय."

मी कळशी त्यांच्या ओट्यावर ठेवली. "मग तवर हा पहिला हप्ता तुम्हीच प्या."