पंधरा दिवस आधी कळवावे

सन्माननीय अध्यक्ष कुलगुरू महोदय, व्यासपीठावरील कुलसचिव साहेब, बाह्यकाम समितीचे मान्यवर सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती, भाषाशास्त्राच्या आमच्या बाई, सहकारी प्राध्यापक, विद्यार्थी मित्र, आणि शेवटच्या रांगेतल्या कर्णबधिर पाहुण्यांनो,

हे पाहुणे बाईंच्या निरोपाला आवर्जून आले, आणि इथली भाषणं त्यांना खुणांनी सांगणारं माणूस साऱ्या विद्यापीठात एकच. त्यामुळे सत्कारमूर्ती पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून उभ्या आहेत आणि स्वतःचं कौतुक स्वतःच्याच हातांनी सांगताहेत. असा सत्कार कुणी पाहिलाय? बाई, कुलसचिव तुम्हाला 'संस्थेचं भूषण' म्हणाले, ते तुम्ही सरळ गाळलंत. मी बघत होतो.

बाईंच्या आईला ऐकू येत नसे. त्यामुळे ही मुलगी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी भांडायला शिकली. पुढे प्राध्यापक झाली, तरी कोर्टातून, इस्पितळातून बोलावणं आलं की तास संपवून धावायची. कुणाचं काय बिघडत होतं? पण आपल्याकडे नियम आहे: प्राध्यापकाला बाहेरचं काम करायचं असेल तर पंधरा दिवस आधी परवानगी. सल्ल्याच्या नावाखाली दुकानं थाटणाऱ्यांसाठी तो केला, आणि योग्यच केला. ती दुकानं व्यवस्थित चालू आहेत, कारण त्यांना सगळं पंधरा दिवस आधी ठाऊक असतं. सापडल्या आमच्या बाई.

एका भर दुपारी प्रसूतिगृहातून फोन आला. नवराबायको दोघंही कर्णबधिर, ऑपरेशन करावं लागणार, आणि डॉक्टरीणबाई काय सांगताहेत ते त्यांना कळेना. बाई विभागाच्या बैठकीतून उठून गेल्या. आई-मूल सुखरूप, बाईंना नोटीस! समितीतल्या एका मान्यवरांनी विचारलं, "अहो, प्रसूतीची तारीख आधीच दिलेली असते ना? मग वेळेत अर्ज का नाही केलात?"

बाई म्हणाल्या, "तारीख डॉक्टरांनी दिली होती, सर. बाळाने वाचली नव्हती."

हसा, हसा. मीही हसलो होतो.

पुढच्या वेळी बाईंनी नियम पाळला. शेवटच्या रांगेत कडेला शिंपीकाका बसलेत ना, त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. इस्पितळाने बाईंना बोलावलं, बाईंनी अर्ज केला, आणि समितीचे सदस्य काही एकत्र जमेनात. मी स्वतः कुलसचिवांच्या दाराशी खेटे घातले. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." कसली मीटिंग? दुसऱ्या समितीची! तिकडे पुतण्याने सही केली आणि ऑपरेशन झालं. काकांची समजूत, जखम साफ करणार आहेत. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादर उचलली, तेव्हा त्यांना कळलं. पाय वाचणार नव्हताच, डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पण माणसाला आधी सांगायला नको?

त्यानंतर परवानगी आली. मंजूर, शिक्क्यासकट. बाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

बाई, हात थांबवू नका. काकांविषयी बोलतोय, त्यांना कळू दे.

'बाहेरचं काम' म्हणजे काय हो? भाषा शिकवणाऱ्या बाईने एका माणसाचं म्हणणं दुसऱ्याला कळवलं, हे बाहेरचं? मग आत बसून आपण काय करतो? मला संताप येतो, अध्यक्ष महोदय. निरोपाच्या दिवशी संताप शोभत नाही, तेही मला कळतं. पण गुच्छ देऊन हे मिटणार आहे का?

काय झालं, बाई? फोन? इस्पितळातून? अहो, मग उभ्या का? निघा! कुलगुरूंकडे काय बघताय, कालपासून तुम्ही आमच्या नोकर नाही. पर्स राहिली, पर्स घ्या. जरा वाट द्या हो त्यांना.

गेल्या.

आता समारंभाची रीत म्हणून अध्यक्षांचे, मान्यवरांचे आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या सभागृहाचे मनापासून आभार. ओघात काही अधिक-उणं बोललो असेन, तर ते पोटात घालावं. पण खरी माफी मला मागायची आहे ती शिंपीकाकांची, तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या वतीने. ते माझ्याकडेच बघताहेत. कुलगुरू महोदय, समितीतले मान्यवर, कुणीतरी उठा हो. एवढं एकच वाक्य त्यांना सांगायचंय.