बिजवर कॅमेरा

नाही हो, बिघडलेला नाही! चालू आहे, उत्तम चालतोय, आणि तीच तर माझी तक्रार आहे... चालतोय हे कुणाला कळतच नाही! तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं माझ्या स्टुडिओत डीएसएलआर होता. काळा, जड, गळ्यात अडकवला की माणूस आपोआप नम्र व्हायचा, आणि बटण दाबलं की आतला आरसा असा काही उडायचा, खटॅक!, की रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालासुद्धा कळायचं, गेला एक फोटो. आता हा मिररलेस. आरसाच नाही, तर उडणार काय? तुम्ही बटण दाबता, तो आपलं काम करतो आणि गप्प बसतो. समोरचं गिऱ्हाईक स्टुलावर तसंच, ताठ, श्वास रोखून, आणि ओठ न हलवता मला विचारतं, ‘काढला का?’

परवा बँकेतल्या एक बाई आल्या, ओळखपत्राच्या फोटोसाठी. म्हटलं, झालं, उठा. ‘झालं कुठे? काही ऐकूच आलं नाही!’ अहो, झालाय, हा बघा. ‘हो, पण आवाजाचा एक काढून ठेवा ना, खात्रीला!’ मी या गोष्टीचा शांतपणे विचार केला आहे, आणि माझ्या असं लक्षात आलंय की फोटो काढून घेणारा माणूस फोटोची वाट बघतच नसतो, तो सुटकेची वाट बघत असतो. खटॅक झालं की खांदे खाली, पोट बाहेर, चेहरा मूळपदावर! तो आवाजच काढून घेतलात, तर बिचाऱ्याने पोट सोडायचं तरी कधी?

मग घेतलात कशाला, असं विचाराल. विचारा! बायकोही विचारते, रोज. पण तिच्या वडिलांसाठीच घेतला हो!

आमचे सासरे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. वय ऐंशी, प्रकृती ठणठणीत, आणि आयुष्यात डोळे उघडे असलेला त्यांचा एकही फोटो नाही. एकही! लग्नाच्या फोटोत सासूबाई समोर बघताहेत, करारी, आणि शेजारी नाना... मिटलेले. मुलीच्या बारशात मिटलेले. निवृत्तीच्या समारंभात तर हारसुद्धा त्यांनी झोपेत स्वीकारल्यासारखा दिसतो. आणि त्यांचा जावई कोण? तर फोटोग्राफर! अख्ख्या गावाचे डोळे मी ओळखपत्रांवर उघडे ठेवले, आणि घरचा माणूस मिटलेला!

यात त्यांचा दोष नाही. नानांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्या कामात बारीक स्प्रिंग कधी सुटेल आणि डोळ्यात जाईल, नेम नाही. तेव्हा ‘टक’ ऐकू आलं की आधी डोळे मिटायचे आणि मग काय झालं ते बघायचं, ही त्यांची अंगात मुरलेली शिस्त. आणि आरशाच्या कॅमेऱ्याचं, जुना रीळवाला असो की माझा डीएसएलआर, कसं, आधी आरसा उडतो आणि मग फोटो निघतो. त्या दोहोंमध्ये किती वेळ? पापणी लवेल इतका! आणि तेवढ्यात ती लवायची!

आता लग्नाला पंचावन्न वर्षं झाली तेव्हा सासूबाईंनी मला बोलावून घेतलं. ‘जावईबापू, मला दुसरं काही नको. आमचा दोघांचा एक फोटो द्या, यांचे डोळे उघडे असलेला. जन्मभर हे माझ्याकडे बघत आलेत, आणि भिंतीवर बघावं तर झोपलेले!’ आतून नाना ओरडले, ‘हा शेवटचा! यानंतर मी कॅमेऱ्यासमोर बसणार नाही, सांगून ठेवतो!’

शेवटचा! म्हणजे काय जबाबदारी! मी तडक गेलो, जुना डीएसएलआर लेन्ससकट दिला आणि बदल्यात हा बिनआवाजी घेतला... रिफर्बिश्ड. कोरा करकरीत माझ्या आवाक्यात नव्हता. त्यांना दाखवायला नेला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘नवीन का?’ म्हटलं, रिफर्बिश्ड. ‘म्हणजे?’ म्हणजे आधी कुणीतरी वापरलेला, मग परत पाठवलेला, मग तपासून, पुसूनबिसून, नव्यासारखा करून... नानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ‘बिजवर आहे म्हण ना सरळ!’

झालं, तेव्हापासून कॅमेऱ्याचं नाव बिजवर!

रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत मांडामांड केली. खिडकीतून सुरेख उजेड, दोन खुर्च्या, खुर्च्यांवर ती दोघं, मागे भिंतीवर कॅलेंडर. या कॅमेऱ्यात एक सोय आहे, तो आपण होऊन माणसाचा डोळा शोधतो आणि त्यावर हिरवी चौकट लावतो. मी पंधरा-वीस फोटो काढले, मोठे करून पाहिले, तर नाना धूसर, सासूबाई धूसर, आणि मागच्या कॅलेंडरवरचा बगळा असा लख्ख, की त्याच्या बुबुळात खिडकी मोजून घ्या! आधीचा मालक पक्ष्यांचे फोटो काढणारा निघाला. त्याने कॅमेऱ्याला पक्ष्यांचे डोळे शोधायला लावलं होतं, आणि नव्यासारखं करणाऱ्यांनी सगळं पुसलं, तेवढं पुसलं नाही. मी हे समजावून सांगितलं. नाना म्हणाले, ‘बिजवराचं मन अजून पहिल्या घरात आहे.’

कॅलेंडर उतरवलं, कॅमेऱ्याला माणसांत आणलं. आता बसा, म्हटलं, आवाज होणार नाही, निवांत बसा. नाना निवांत? ते असे टक्क डोळे उघडून बसले की जणू समोरून स्प्रिंगच येणार आहे! मी बटण दाबलं. नेमके तेव्हाच सासूबाई ओठ हलवून, ‘काढला का?’ पुन्हा दाबलं. नाना मान वळवून बायकोला, ‘काढला का?’ त्या म्हणतात, ‘मला काय विचारता, त्यांना विचारा!’ पुन्हा दाबलं. आता आमची ही, माझ्या खांद्यामागून, ‘अहो, काढला का?’ पन्नास फोटो, तुम्हाला सांगतो, आणि प्रत्येकात कुणी ना कुणी ‘का’ म्हणतंय! नानांच्या डोळ्यांतून न मिटल्यामुळे पाणी यायला लागलं. शेवटचा फोटो, आणि त्यात ते रडताहेत!

मग मला अक्कल सुचली. म्हटलं, असं करू, आधी गुपचूप फोटो काढतो, आणि तो निघाल्यानंतर तोंडाने आवाज करतो, म्हणजे तुम्हाला सुटल्यासारखं होईल. पटलं सगळ्यांना. दाबलं, आणि मग तोंडाने, ‘खटॅक!’ बघतो तर काय, मिटलेले! अहो, आवाज येणार हे कळल्यावर नानांनी आधीच मिटून घेतले होते, सावधगिरी म्हणून! सासूबाई खुर्चीतून उठल्याच. तोवर बॅटरीची खूण लाल, लुकलुकायला लागलेली. बिजवराबरोबर बॅटरीही बिजवरच आलेली, ती किती पुरणार?

‘राहू दे, जावईबापू,’ सासूबाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर चाललं असतं. पण त्या हळू बोलल्या. मग बसल्या परत, नानांकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘पंचावन्न वर्षांत एकदा, एकदा फोटोत डोळे उघडे ठेवायला काय झालं होतं हो तुम्हाला? निदान लग्नात?’

नानांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. असे पूर्ण, मोठे, पाणावलेले डोळे करून. ‘अगं, तेव्हा डोळे उघडे असते,’ म्हणाले, ‘तर लग्नाला उभा राहिलो असतो का?’

माझं बोट बटणावर होतं. दाबलं गेलं. आवाज नाही, काही नाही, कुणाला पत्ता नाही... आणि बॅटरी संपली.

घरी येऊन पाहिला. नाना! उघडे! पापणीचा केस न् केस स्पष्ट, आणि नजर थेट बायकोकडे. मी बायकोला हाक मारली, ती बघायला आली, तिने पदराने डोळे पुसले. मोठा छापला, चौकट केली, घेऊन गेलो. सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला. बोट हलकेच नानांच्या चेहऱ्यावर ठेवलं. ‘उघडे आहेत,’ म्हणाल्या. मग बोट जरा सरकलं. शेजारी त्या स्वतः, मान मागे टाकून, खळखळून हसताहेत, आणि... ‘माझे मिटलेत!’

अहो, इतकं हसल्यावर मिटणारच! पण ऐकतंय कोण? फोटो भिंतीवर लागला, लग्नाच्या फोटोशेजारी, आणि आता दूधवाला येवो, शेजारी येवोत, नाना प्रत्येकाला हाताला धरून तिथे नेतात आणि गंभीरपणे म्हणतात, ‘बघा. हिला कधीपासून सांगतोय, फोटोत डोळे उघडे ठेवायला असं काय लागतं!’

शेवटचा फोटो होता ना तो? होता! पण आता सासूबाईंचेही उघडे हवेत, म्हणून गेले सात रविवार मी तिथेच उभा आहे. नाना आपण होऊन खुर्चीत येऊन बसतात, डोळे उघडे, एकदम सराईत, आणि बायकोच्या कानात काहीतरी पुटपुटतात. सासूबाई हसतात, हसल्या की डोळे मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांनीच मला विचारतात, ‘काढला का?’

काढला, म्हणतो. आणि तोंडाने करतो... खटॅक.